जबड्यातील बुरशीची शंका असताना बायोप्सीआधी औषध सुरू करावे का?

आपल्या ७२ वर्षांच्या मधुमेही वडिलांची वरची दाढ काढून दोन महिने झाले, तरी जखम भरलेली नाही आणि हाड उघडे दिसते. अशा वेळी तुकडा काढून तपासण्याऐवजी आधी बुरशीच्या गोळ्या देऊन पाहता येतील का, असे आपण विचारले आहे. मुखशल्यचिकित्सक म्हणून मी याला स्पष्ट नकार देईन.

वरच्या जबड्याला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे जंतूंचा अस्थिदाह (हाडाचा संसर्ग) तेथे सहसा होत नाही, तो खालच्या जबड्यात अधिक आढळतो. म्हणूनच साखर अनियंत्रित असलेल्या रुग्णाचे वरचे हाड कुजू लागले, की म्युकरमायकोसिसची, म्हणजे म्युकर या बुरशीच्या संसर्गाची, शंका घ्यावीच लागते. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आत गुठळ्या होतात आणि त्यापुढचे हाड मरते. जेथे रक्तच जात नाही तेथे रक्तातून जाणारे औषध पोहोचणार कसे? मृत हाड खरवडले तरी रक्त येत नाही. शस्त्रक्रियेत ते रक्त सुटेपर्यंत काढत जावे लागते.

शिवाय अंदाजाने औषध निवडणे धोक्याचे आहे. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर उत्तम चालणारे व्होरिकोनाझोल हे औषध म्युकरवर निरुपयोगी ठरते. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी) दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब ही औषधे, पूर्वी घेतलेले रेडिएशन आणि कर्करोग यांतही चित्र जवळजवळ असेच दिसते. (वडिलांच्या जुन्या औषधांची यादी सोबत न्यावी; हाडांचे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदाच असल्याने सांगायचे हमखास राहून जाते.)

नमुना दोन बाटल्यांत जातो ना, हे अवश्य विचारावे. एक बाटली फॉर्मॅलिनची, सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी. दुसरी सलाइनची, कल्चरसाठी (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी), कारण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते आणि मग कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे आणि जवळजवळ विनापडद्याचे दिसतात, तर ॲस्परजिलसचे बारीक, पडदे असलेले आणि लघुकोनात फुटणारे असतात.

म्युकर निश्चित झाल्यास शस्त्रक्रियेसोबत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध, साधारणतः दर किलो वजनामागे दररोज ५ मिलिग्रॅम, शिरेतून दिले जाते. उतारवयात मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात, त्यामुळे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासावे लागते. पुढे पोसाकोनाझोल किंवा इसावुकोनाझोलच्या गोळ्या बरेच दिवस चालतात. टाळूचा भाग काढावा लागला, तर ऑब्च्युरेटर नावाच्या कवळीमुळे बोलता-जेवता येते.

मात्र गाल बधिर होणे, पापणी सुजणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा टाळू काळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास बायोप्सीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.