रोजच्या जगण्यात आपल्यातून देवाचा स्वभाव दिसावा, यासाठी नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की उपासना चुकत नाही, रात्री घरात प्रार्थना होते, पण ऑफिसात तुमच्या वागण्यावरून तुम्ही ख्रिस्ती आहात हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही, आणि हे मनाला लागतं. मी चर्चचा पाळक नाही. मूळ नगर जिल्ह्यातला, पुण्यात घरांच्या रंगकामाची कामं घेतो. उत्तरही तसंच मिळेल.

आधी एक सांगतो. देवाचे सगळेच गुण आपण उचलायचे नसतात. तो सर्वज्ञ आहे, सगळ्यांचा न्यायाधीश आहे. ते त्याच्याकडेच राहू द्यावं. आमच्या मंडळीत नेमके हेच दोन उचललेले बरेच आहेत. कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळं ठाऊक, आणि निकालही तयार! (उपासनेनंतरच्या चहाला मीही त्यातलाच.)

मग उचलायचं काय? बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय उघडा. सुरुवात भारदस्त आहे: पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव पवित्र आहे. पुढे शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस, अर्पणं हे येतंच, पण त्याच्याच मांडीला मांडी लावून काय काय बसलंय बघा. शेत कोपऱ्यापर्यंत झाडून कापू नका, सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. आणि दर थोड्या ओळींनी, खाली सही करावी तसं, ‘मी परमेश्वर आहे’.

सरवा म्हणजे काढणीनंतर रानात राहिलेला माल, हे आता पोरांना सांगावं लागतं. भुईमूग काढून झाला की माझी आजी आम्हाला पुन्हा त्या वावरात पाऊल टाकू द्यायची नाही. मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला वस्तीवरच्या बाया यायच्या. आम्ही हट्ट केला तर म्हणायची, “ते आता आपलं नाय.” आजीला वाचता येत नव्हतं.

मला वाचता येतं, तरी मी चुकलो. आमच्यात शनिवारी हिशोब होतो. हजेरी मांडायची, खाडे आणि उचल वजा करायची, उरलेले हातात द्यायचे. दोन वर्षांपूर्वी एका पार्टीने माझे पैसे अडकवले. मी तेच पुढे ढकललं. पुट्टी मारणारा एक जण माझ्याकडे चार वर्षं होता, दिलेल्या नोटा कधी न मोजता खिशात घालायचा. तो म्हणाला, “शेठ, निदान पाचशे तरी टाका.” मी म्हटलं, सोमवारी बघू. पाकिटात पैसे होते, हे इथे लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी उपासनेत फोन सायलेंटवर होता. आशीर्वाद झाल्यावर बघितलं तर त्याचे तीन मिस्ड कॉल. मी गीत म्हणत होतो तेव्हाचे. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात म्हटलंय की मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. हे मला पाठ होतं.

तुमच्या हाताखाली मजूर नसतील. पण तुमच्या टेबलावर कुणाचं तरी बिल सहीसाठी पडलं असेल, हाउसकीपिंगच्या बाईचं व्हाउचर असेल, ज्युनिअरची रजा असेल. मी तुमच्या जागी असतो तर तिथून सुरुवात केली असती. टेबलावर वचनाचं कॅलेंडर ठेवा, माझी ना नाही, पण ते दुसऱ्या नंबरला.

रागाचं मात्र मला अजून जमलेलं नाही. निर्गम ३४ मध्ये देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो, त्यात आपल्या मराठी बायबलमध्ये एक सुंदर शब्द आहे: मंदक्रोध. मूळ हिब्रू शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’. हे कळल्यावर मी एकटाच हसलो होतो. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर असतो ना, मग नाक लांब असेल तर त्याला तिथवर यायला वेळ लागणारच! माझं नाक आखूड आहे. दोन डब्यांच्या शेडमध्ये फरक आला की मी दुकानदारावर ओरडतो, आणि संध्याकाळी फोन करून माफी मागतो. पूर्वी माफीला आठवडा लागायचा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. त्यांतल्या कित्येकींना देव दयाळू आहे हे आधी ताटात दिसलं असेल आणि वचनात नंतर, असं मला वाटतं. आपल्याला एवढं झेपणार नाही. शनिवारचा हिशोब झेपतो.

त्या रविवारी संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जाऊन पैसे दिले. तो अजून माझ्याकडेच आहे. पार्टीचे येवोत न येवोत, शनिवारी त्याचे चुकत नाहीत. फक्त आता तो नोटा माझ्यासमोर मोजून घेतो, दोनदा. मी उभा राहतो.