बडोद्याच्या म्युझियममध्ये सात वर्षांच्या मुलाला नेण्यात अर्थ आहे का? त्याला जैवविविधता वगैरे काही कळेल का?

न्या. आत गेल्यावर इजिप्तच्या ममीकडे धावू नका, सगळे तिकडेच धावतात. आधी देवमाशाकडे जा. निळ्या देवमाशाचा सांगाडा, ७० फुटांच्या वर. महाराजांनी विलायतेहून आणला असं कोणी सांगेल, सोडून द्या. सयाजीराव १९३९ ला गेले, हा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहत आला.

पाचवीत आम्हाला पेपरात आलं होतं, गटात न बसणारा शब्द ओळखा: रावस, बांगडा, देवमासा, रोहू. मी देवमासा लिहिलं. बाईंनी लाल फुली मारली. त्यांचं उत्तर रोहू, कारण तो गोड्या पाण्यातला. मी म्हटलं, देवमासा मासाच नाही, सस्तन प्राणी आहे. "नावातच मासा आहे ना रे?" अख्खा वर्ग हसला. (रोहूही चालेल, हे आज मान्य करतो. पण माझं चूक कसं?)

त्या रविवारी बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून कमाटीबागेत, म्हणजे ह्याच म्युझियमच्या बागेत नेलं. सांगाड्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "मान दाखव." मला मानच सापडेना. कवटी संपते आणि बरगड्या सुरू होतात, त्यामध्ये भाकऱ्यांची चवड रचावी तसे दाटीने बसलेले मणके. दोनदा मोजताना चुकलो. सात. मग बाबांनी माझ्या मानेवर बोट टेकवलं, "तुझेही सात. जिराफाचे सात, उंदराचेही सात. माशाला मान असते का?" जबड्यात दात शोधायला लावले, एकही नाही. एवढं धूड कोळंबीसारखे बोटभर जीव पाण्यातून गाळून खातं.

सोमवारी हे वर्गात सांगितलं तर बाईंनी बाबांनाच बोलावून घेतलं. आणि बाबा काय म्हणाले? "बाईंना उलट बोलू नये." अर्धा गुण गेला तो गेलाच. आज ८१ वर्षांचे आहेत, अजून म्हणतात, वाद वाढवून काय मिळालं असतं.

तर मुलापुढे जैवविविधता हा शब्द काढूच नका. मान मोजायला लावा, मग भुसा भरलेल्या जनावरांपुढे नेऊन विचारा, ह्याचे किती असतील? आणि शाळेत कोणी त्याला चूक ठरवलं तर त्याची बाजू घ्या. बाईंच्या समोर घ्या, घरी येऊन नव्हे.

सस्तन प्राण्यांच्या मानेतल्या सात मणक्यांना स्लॉथ (झाडाला उलटा लटकणारा संथ प्राणी) आणि मॅनेटी ही समुद्रगाय अपवाद आहेत, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय ती भुसा भरलेली जनावरं जुनी आहेत, काही मुलं घाबरतात. तसं झालंच तर बाहेर विश्वामित्रीच्या पुलावर या. थंडीत ऊन खात पडलेली मगर दिसते, भर शहरात. फक्त तिची मान मोजायला सांगू नका, ती सरपटणारी, सातच्या हिशेबात बसत नाही.