घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ घ्यायचाय, 10 इंची पुरेल का 14 इंचीच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरामागच्या शेडमध्ये लाकूडकाम सुरू करताय, बजेट 50 हजारांच्या आसपास आहे, 10 इंची आणि 14 इंचीमध्ये अडकलाय, आणि ओळखीचे एक फर्निचरवाले म्हणाले की बँडसॉ हे सॉ मिलवाल्यांचं मशीन, घरी काय करायचंय, सरळ टेबल सॉ घ्या. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो, कारण अगदी हेच वाक्य मी आमच्या भावोजींकडून गेली कित्येक वर्षं ऐकत आलोय.

आधी सरळ उत्तर. सॉलिड लाकडात काम करणार असाल तर 14 इंची. (टेबल सॉमध्ये टेबलातून गोल ब्लेड वर येतं, बँडसॉमध्ये दातांची अखंड पट्टी वर-खालच्या दोन चाकांवर फिरते, 10 किंवा 14 इंच हा त्या चाकांचा व्यास.) फ्रेम बिडाची किंवा जाड पत्र्याची बंद पेटीसारखी, मोटर इंडक्शन, 1 एचपीच्या खाली नाही, दीड असली तर उत्तम. 10 इंची मशीन खेळणी, छोटे गोल आकार, पातळ फळ्या यासाठी ठीक आहे, पण त्यांना बहुतेक अर्धा एचपीच्या आसपास मोटर असते, आणि 6 इंच रुंद सागाची फळी उभी धरून चिरायला घेतली की ती अर्ध्यात गुदमरते. कॅटलॉगमध्ये इतक्या उंचीचं लाकूड मावतं असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मावतं एवढाच, कापलं जातं असा नाही.

आता भावोजींचं. ते ठाण्यात इंटिरियरची कामं घेतात, त्यांचा हात चांगला आहे, पण आयुष्य प्लाय आणि लॅमिनेटमध्ये गेलंय. आमचं गावचं घर, रत्नागिरी जिल्ह्यात, मातीच्या भिंती, वर कौलं, ते उतरवायचं ठरलं तेव्हा सगळे जमलो होतो. तुळया ऐनाच्या, चौकटी सागाच्या, आणि माजघरातली मधली तुळई फणसाची. धुराने वरून काळीकुट्ट झालेली, पण टोकाला रंधा मारून बघितला तर आतून असा तांबूस रंग निघाला की मला तिथेच ठरवावंसं वाटलं, हे विकायचं नाही. भावोजी म्हणाले जुनं लाकूड घेणारा माणूस आहे माझ्याकडे, टेम्पो भरून देऊन टाका, येतील ते पैसे वाटून घ्या, कुठे सांभाळत बसता. मी म्हटलं फळ्या पाडू आणि प्रत्येकाच्या घरी त्यातलं काहीतरी करून देऊ. तर म्हणाले मग वखारीत ने.

नेली. वखारवाल्याने तुळईवर नुसता हात फिरवला, खिळ्यांची भोकं बघितली आणि नाही म्हणाला. त्याचंही बरोबर होतं, सॉ मिलची पट्टी मोठ्या चाकांवर फिरणारी चार-पाच बोटं रुंद असते, जुना हाती घडवलेला खिळा तिच्यात गेला की दात उडतात आणि पट्टी उतरवून परत धार लावेपर्यंत काम ठप्प. जुन्या घराचं लाकूड बऱ्याच वखारी घेत नाहीत, हे तुम्हालाही कधीतरी दिसेलच.

मग भावोजी म्हणाले माझ्या टेबल सॉवर करू. इथे आमचं खरं वाजलं. तुळई 7 इंच रुंद. 10 इंची ब्लेडचा टेबल सॉ वर काढून काढून 3 इंच, फार तर सव्वातीन इंच येतो. एका बाजूने 3, उलटी करून दुसऱ्या बाजूने 3, मधला इंच राहतोच, तो हातकरवतीने चिरायचा. वर टेबल सॉचं ब्लेड प्रत्येक कापाला 3 मिमी लाकडाचा भुसा करतं. बँडसॉची पट्टी जेमतेम 1 मिमी खाते. हिशोब करून बघा, 100 मिमी जाडीच्या तुकड्यातून 6 मिमीच्या फळ्या काढायच्यात, रंध्यासाठी 1 मिमी सोडला, तर बँडसॉवर साधारण 12 निघतात आणि टेबल सॉवर 10. फणसाच्या त्या तुळईसारखं लाकूड आता मिळत नाही, त्यातल्या दोन फळ्या मी भुशात का घालू?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या लाकडात ताण असतो, चिरताना ते मिटतं, ब्लेडला मागून चिमटा घेतं. टेबल सॉचं ब्लेड तुमच्या दिशेने फिरतं, त्याने चिमटा खाल्ला की फळी तुमच्याच अंगावर फेकतं. भावोजींच्या साइटवर एका कारागिराच्या पोटात अशी फळी बसली होती, हे त्यांनीच मला सांगितलेलं. बँडसॉची पट्टी वरून खाली जाते, लाकूड टेबलावर दाबते, मागे फेकायला जागाच नाही. शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्या माणसाने आधी कुठलं मशीन घ्यावं, हे एवढ्यावरच ठरायला हवं. (बोट कापायला बँडसॉलाही वेळ लागत नाही हे खरं. गोल दांडा हाताने धरून कापू नका, पट्टी तो गरकन फिरवते आणि हात आत ओढते, खाली व्ही आकाराचा ठोकळा ठेवा. हातमोजे घालून मशीनवर उभं राहू नका.)

मी 14 इंची बिडाचं मशीन घेतलं, वर राइजर ब्लॉक लावून. हे नीट समजून घ्या. या जुन्या घडणीच्या बिडाच्या मशीनमध्ये फ्रेमचे दोन भाग असतात, मुळात 6 इंच उंचीचं लाकूड जातं, मध्ये बिडाचा ठोकळा बसवला की 12 इंच जातं. पट्टीची लांबी मग साडेत्र्याण्णव इंचाची 105 होते, म्हणजे घरात असलेल्या जुन्या पट्ट्या चालत नाहीत. पत्र्याच्या फ्रेमच्या मशीनमध्ये ही भानगड नाही, तिथे उंची मुळातच जास्त मिळते आणि माझ्या मते फ्रेम ताणही जास्त सोसते. बिडाचं मशीन जुन्या बाजारात सापडतं आणि त्याचे पार्ट कुठलाही टर्नर करून देतो, म्हणून मी ते घेतलं.

पट्टीबद्दल तर मी भांडायलाही तयार आहे. लोक मशीनवर महिनोन्‌महिने चर्चा करतात आणि सोबत आलेल्या पट्टीने लाकूड चिरून बघतात, आणि मग बँडसॉ सरळ कापत नाही म्हणून सांगत फिरतात. भावोजींचंही तेच, कुठल्याशा वर्कशॉपमध्ये बोथट पट्टीवर एकदा कापून बघितलं, बस. बँडसॉचं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरीने 1808 मध्ये घेतलं, पण पट्टीचा जोड टिकेना म्हणून ते मशीन कित्येक वर्षं नुसतं पडून राहिलं, 1846 मध्ये फ्रान्समध्ये आन पॉलिन क्रेपँ या बाईने जोडाची पद्धत काढली तेव्हा कुठे त्याचं काम सुरू झालं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे मशीन पट्टीवरच अडलेलं आहे.

फळ्या पाडायला चार सुताची पट्टी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), इंचाला 3 दात, हुक दात, म्हणजे पुढे झुकलेले. बस, बाकी काही लावू नका. इंचाला 10-14 दातांची पट्टी 6 इंच लाकडात घातली की दातांमधल्या खाचा भुशाने भरतात, भुसा बाहेर पडायला जागा नाही, पट्टी तापते, वाट सोडते. बऱ्याच 14 इंची मशीनवर सहा सुताची पट्टी चालेल असं लिहिलेलं असतं, चालते, पण ती पुरेशी ताणायची ताकद त्या फ्रेममध्ये नसते, चार सुताची नीट ताणलेली पट्टी त्याहून सरळ जाते. गोलाईसाठी दोन सुताची, इंचाला 6 दात, तिने साधारण 5 सूत त्रिज्येचं वळण घेता येतं. एक सुताची पट्टी अगदी बारीक नक्षीसाठी, ती रोज लागत नाही. आणि इथेही लहान मशीनचं एक दुखणं आहे, चाक जितकं लहान तितकी पट्टी प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, जाड पट्टी लहान चाकावर जोडापाशी लवकर तडकते, म्हणून 10 इंचीला पातळ पट्टी लागते आणि पातळ पट्टी जास्त ताणता येत नाही.

कापलेल्या फळीला मधे पोट आलं, म्हणजे वर-खाली रेषेवर आणि मध्ये बाहेर, तर पट्टी बोथट आहे किंवा ताण कमी आहे किंवा तुम्ही ढकलताय. मशीनला शिव्या देण्याआधी ही तीन बघा. पट्टी एका बाजूला ओढत असेल तर फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून ढकलतो ती आडपट्टी, तेवढा तिरका करून घ्या, आधी एका फालतू फळीवर रेघ मारून हाताने कापत जा, अर्ध्यात थांबा, फळी ज्या कोनात राहिली त्याच कोनात फेन्स बांधा.

तर तुळई. खिळे काढले, लोहचुंबक फिरवला, जिथे लाकडात निळसर काळा डाग दिसला तिथे पटाशीने खणून बघितलं, कारण लोखंड आत असलं की भोवतीचं लाकूड काळवंडतं. तरी एक आत राहिलाच, दात गेले, पट्टी बदलली, पुढे चालू. जुन्या लाकडाला महागाची कार्बाइडची पट्टी लावू नका, साधी कार्बन स्टीलची लावा आणि गेली तर गेली म्हणा. पहिली फळी सुटली आणि मी ती आणि तिच्या शेजारची उघडून जमिनीवर ठेवली, दोन्हीकडे रेषा एकमेकींकडे तोंड करून, पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं असावीत तशा. आई बघत उभी होती, ती म्हणाली ही माजघरातली काय? त्या फळ्यांचा देव्हारा आईकडे आहे, आणि उरलेल्या जोड्यांची कपाटाची दारं ताईने हट्टाने ठाण्याच्या घरात लावून घेतली. भावोजी रोज ती दारं उघडतात आणि अजूनही म्हणतात टेबल सॉवरही झालं असतं. नसतं झालं. 7 इंच रुंदीच्या अखंड फळ्या आहेत त्या, जोड नाही, कुणीही येऊन बघावं.

तुमच्या बजेटमध्ये नवीन 14 इंची ओढाताण करत असेल तर 10 इंची नवीन घेण्यापेक्षा जुनं 14 इंची शोधा, ट्रेनिंग सेंटर किंवा बंद पडलेल्या पॅटर्न शॉपमधून (ओतकामाचे लाकडी नमुने करणारी वर्कशॉप) निघतात. बघायला गेलात की पट्टी काढायला लावा आणि चाकं हाताने फिरवा. चाक शाफ्टवर हलत असेल तर बेअरिंग, ते स्वस्तात बदलतं. चाकावरचे रबरी टायर कडक होऊन तडकले असतील तर तेही बदलतात. पण गाइडचा, म्हणजे कापाच्या वर पट्टीला आधार देणाऱ्या भागाचा, खांब पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा, वर असताना गाइड पट्टीच्या बरोबर आणि खाली आणल्यावर एका बाजूला गेला, तर फ्रेम किंवा खांब वाकडा आहे, ते मशीन घेऊ नका कितीही स्वस्त असलं तरी. मशीन चालू करून टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं ठेवा, उभं राहिलं तर चाकांचा तोल चांगला आहे. भाव करताना मोटरचा करू नका, मोटर कुठेही मिळते.

दीड एचपी सिंगल फेजला चालते, पण घरातल्या साध्या 5-6 अँपिअरच्या प्लगवर नाही, 16 अँपिअरची वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. खालच्या चाकाच्या पेटीतून भुसा ओढायला व्हॅक्युम लावा, सागाची धूळ नाकाघशाला लागते. कोकणात असाल तर पावसाळ्यात टेबलाला मेण लावून ठेवा, आणि काम झालं की पट्टीचा ताण रोज सैल करा, बारा महिने.

प्लायचं काम करणार असाल तर मात्र हे सगळं विसरा, तिथे भावोजी बरोबर आहेत. 14 इंची मशीनमध्ये पट्टी आणि फ्रेममधे 13-साडेतेरा इंचच जागा असते, 8 बाय 4 ची शीट त्यात फिरवता येत नाही, आणि बँडसॉचा काप टेबल सॉइतका साफ नसतो, रंधा मारावाच लागतो. तुम्ही नक्की कुठल्या लाकडात काम करणार ते प्रश्नात लिहिलं नाहीये.

अजून एक, हे आधी सांगायला हवं होतं. गोल ओंडके कापायच्या सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो आणि बँडसॉ हे त्यांच्या नजरेत सॉ मिलचं मशीन आहे. आधीच कापून आणलेल्या किंवा जुन्या घराच्या लाकडाचं काम घरी करणार असलात तरी मशीन आणायच्या आधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या, आणि विकत घेतलेल्या लाकडाच्या पावत्या शेडमध्येच ठेवा. स्वतःच्या जागेतला साग असला तरी तो परवानगीशिवाय तोडता येत नाही, महाराष्ट्रात 1964 पासून तो कायदा आहे.