वादळ नेमकं कसं तयार होतं आणि कथा-नाटकांत ते सारखं का येतं?

गडगडाटी वादळाला तीन गोष्टी लागतात: हवेत भरपूर बाष्प, खाली गरम वर थंड अशी अस्थिर हवा, आणि ती हवा वर ढकलणारं काहीतरी. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्याने हवा अजून वर जाते, ढग वाढत जातो, मग आत बर्फाचे कण एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते, जिच्या वाटेतली हवा क्षणभर जवळपास ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट वगैरे. चक्रीवादळाचं प्रकरण वेगळं, त्याला साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेला समुद्र लागतो.

आता साहित्य. मनातली खळबळ दाखवायला बाहेर पाऊस-वारा, हे तर सगळेच करतात आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो आळस असतो. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये मात्र ते जमलंय, तिसऱ्या अंकात म्हातारा राजा उघड्या माळावर वादळाशीच भांडतो. शिरवाडकरांनी 'नटसम्राट' लिहिताना (१९७०) त्याच नाटकाचा धागा घेतला पण त्यातले म्हातारे नट बेलवलकर वादळात अडकत नाहीत, ते स्वतःलाच तुफान म्हणवतात आणि घर मागतात! मला तर हे जास्त भारी वाटतं.

बाकी चक्रीवादळाचा डोळा लेखकांनी फारसा नीट वापरलाय असं मला वाटत नाही. डोळ्यात, म्हणजे वादळाच्या मध्यभागी, वारा पडतो, कधी आकाशही मोकळं दिसतं, लोकांना वाटतं संपलं, आणि मग वारा उलट्या दिशेने येतो.