पिरॅमिडन: मालकी रशियाची, कायदा नॉर्वेचा

प्रश्न असा आहे: नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं पिरॅमिडन हे बंद पडलेलं कोळशाचं गाव आजही रशियाच्या सरकारी कंपनीच्या मालकीचं आहे, चौकात लेनिनचा पुतळा तसाच उभा आहे, आणि नॉर्वे हे सगळं चालवून घेतो. या देशाला काही स्वाभिमान आहे की नाही? आपल्या जमिनीवर कुणी असं गाव अडवून बसलं असतं तर आपण खपवून घेतलं असतं का?

हा राग मला कळतो. इंदूरच्या माणसाला तर कळायलाच हवा. पण तो इथे लागू पडत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं, कारण त्यात आपल्याच शहराचा इतिहास उपयोगी पडतो.

२१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई हरल्यावर होळकरांना ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह करावा लागला. त्यानंतर महूला इंग्रजांची छावणी बसली आणि इंदुरात रेसिडेन्सी, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचं ठाणं. राजवाड्यावरून टांग्याने सहज जाता येईल एवढ्या अंतरावर असा एक इलाखा होता, जिथे होळकरांचा हुकूम चालत नव्हता. तिथली जमीन, तिथला बाजार, तिथला न्यायनिवाडा सगळा इंग्रजांचा. अपमान म्हणतात तो हा. नुसती जमीन कुणाच्या नावावर आहे हा त्यातला छोटा भाग. आपल्याच राज्यात आपला कायदा एका रस्त्यापलीकडे थांबतो, हा मोठा भाग.

पिरॅमिडनमध्ये नेमकं याच्या उलट आहे. सातबारा रशियाचा, पण राज्य नॉर्वेचं. पोलीस, दंड, बांधकामाची परवानगी, पर्यावरणाचे नियम, सगळं स्वालबार्डच्या नॉर्वेजियन गव्हर्नरच्या अखत्यारीत. मालक रशियन असला तरी त्याला तिथे मनात येईल ते बांधता किंवा पाडता येत नाही. १९४६ च्या आधीची मानवी वस्तीची खूण असेल तर ती तिथल्या कायद्याने आपोआप संरक्षित आहे, मग ती कुणाच्याही मालकीची असो.

आता हे असं झालं कसं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही बेटं कुठल्याच देशाची नव्हती. स्वीडिश, अमेरिकन, ब्रिटिश, रशियन, नॉर्वेजियन, जो आला त्याने खुंटा ठोकला आणि कोळसा काढायला लागला. पिरॅमिडनची सुरुवात १९१० मध्ये स्वीडिश लोकांनी केली. ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये तह झाला आणि बेटांवरचं पूर्ण सार्वभौमत्व नॉर्वेला मिळालं. बदल्यात नॉर्वेने मान्य केलं की तहावर सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना शिकार, मासेमारी, खाणकाम, व्यापार यांत सारखाच हक्क राहील, तिथे नाविक तळ किंवा तटबंदी होणार नाही, आणि तिथे गोळा झालेला कर तिथेच खर्च होईल. सोव्हिएत संघाने पिरॅमिडन १९२७ मध्ये विकत घेतलं, ही मालकी १९३१ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिकउगोल या सरकारी कंपनीकडे आली, आणि १९३५ मध्ये सोव्हिएत संघही तहात सामील झाला.

म्हणजे नॉर्वेच्या घरात कुणी घुसून गाव बळकावलेलं नाही. नॉर्वेचा हक्क आणि परक्यांचे हक्क एकाच कागदावर लिहिलेले आहेत. फक्त रशियनांना बाहेर काढायचं म्हटलं, तर नॉर्वे स्वतःच्याच सार्वभौमत्वाचा दस्तऐवज फाडेल. एवढ्या कमी लोकसंख्येच्या देशाने शंभर वर्षं शेजारच्या महासत्तेसमोर तो कागद जपून ठेवला, यात मला तरी स्वाभिमानाची कमतरता दिसत नाही.

तरी 'अडवून बसलेलं गाव' हा शब्दप्रयोग मला खटकला, कारण तिथे माणसं राहत होती. १९८० च्या दशकात हजारावर लोक होते. गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव, सांस्कृतिक भवन, पियानो, शाळा. उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ ही सगळी व्यवस्था सोव्हिएत सरकारने पैसा ओतून उभी केली होती. नुसत्या कोळशाच्या हिशोबात ती कधीच बसली नसती. सरकार कोसळलं आणि पैसा आटला. त्यातच २९ ऑगस्ट १९९६ ला मॉस्कोहून येणारं विमान स्वालबार्डच्या ओपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं आणि आतले सगळे १४१ जण गेले. बारेन्ट्सबर्ग (स्वालबार्डवरचं दुसरं रशियन खाणगाव) आणि पिरॅमिडनचे कामगार आणि त्यांच्या घरची माणसं होती ती, त्यांत युक्रेनचे पुष्कळ. एवढ्याशा वस्तीत असा एकही उंबरठा राहिला नसेल ज्याला त्याची झळ लागली नाही. १९९८ च्या मार्चअखेर शेवटचा कोळसा निघाला आणि त्याच वर्षी गाव रिकामं झालं. ते कुणाच्या अभिमानाचं प्रतीक आहे यावर बोलताना ही माणसं आठवायला हवीत.

आणि मालक देशी असला की गाव सांभाळलं जातं, हे कुणी सांगितलं? कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर या इंग्रज कंपनीने चालवल्या, १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने त्या ताब्यात घेतल्या, पुढे त्या केंद्राकडे गेल्या आणि २००१ मध्ये बंद पडल्या. आज तिथे वस्तीच्या उशाला सायनाइडच्या गाळाचे डोंगर उभे आहेत. झेंडा आपलाच आहे. आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद झाली, कामगारांची थकबाकी निघायला डिसेंबर २०२३ उजाडलं. तोवर किती जण वाट बघत गेले! तिथे तर कुणी परकं नव्हतं.

नॉर्वे झोपलेला आहे असंही नाही. लॉन्गियरब्येन हे तिथलं मुख्य गाव अमेरिकन लॉन्गियरने १९०६ मध्ये वसवलं, १९१६ मध्ये नॉर्वेच्या कंपनीने ते विकत घेतलं. नाव अजून त्या अमेरिकनाचंच आहे आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. २०१६ मध्ये लॉन्गियरब्येनसमोरची खाजगी जमीन परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून सरकारने स्वतः घेतली. २०२४ मध्ये स्वालबार्डवरचीच सोरे फागरफ्योर्डची खाजगी जमीन विक्रीला निघाली, तेव्हा सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही असा आदेश काढला. आणि स्वीया हे स्वतःचंच खाणीचं गाव बंद करून, घरं, धावपट्टी, रस्ते काढून, २०२३ पर्यंत ती जमीन पूर्ववत केली. पिरॅमिडनच्या मालकाकडून असं काही अपेक्षित ठेवता येत नाही याचं मला वाईट वाटतं.

रशियाकडून खोडसाळपणा होतच नाही, असं मी म्हणणार नाही. मे २०२३ मध्ये बारेन्ट्सबर्गला विजयदिनाची (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर मिळवलेल्या विजयाच्या दिवसाची) गाड्यांची मिरवणूक आणि हेलिकॉप्टर, त्याच वर्षी पिरॅमिडनमध्ये उभारलेला मोठा क्रॉस, हे कोळशासाठी किंवा पर्यटकांसाठी नव्हतं. युक्रेनवर हल्ला चालू असताना केलेलं ते शक्तिप्रदर्शन होतं, आणि नॉर्वेने त्यावर करडी नजर ठेवायलाच हवी. पण ती नजर ठेवायची कायद्यानेच, परवानगी होती की नाही हे विचारून.

राहिला शेवटचा भाग: 'आपल्याकडे असतं तर.' आपण तिथे आहोत. १९२० च्या तहावर हिंदुस्थानच्या नावानेही सही झाली होती आणि भारत आजही त्या तहाचा सदस्य आहे. ज्या नी-ऑलेसुंडमध्ये २००८ पासून आपलं हिमाद्री संशोधन केंद्र चालतं, तेही जुनं कोळशाचंच गाव. १९६२ मध्ये खाणीत २१ कामगार मेले, त्यावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं आणि खाण कायमची बंद झाली. त्या गावाची मालकी आज नॉर्वेच्या सरकारी कंपनीकडे आहे आणि आपले शास्त्रज्ञ तिथे तिच्या जागेत राहून काम करतात, नॉर्वेचेच कायदे पाळून.