डॅलसचं अपार्टमेंट सोडून ट्रॅव्हल नर्सिंग करू का?

ताई, तुमचा हिशोब वाचला. डॅलसला तासाला 41 डॉलर, 36 तास म्हणजे आठवड्याला 1,476. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची ट्रॅव्हल नर्सिंगची ऑफर (एजन्सीमार्फत, काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर दुसऱ्या शहरात नर्सचं काम) आठवड्याला 2,650, त्यातले 972 पगार आणि 1,678 राहण्याजेवणाचा टॅक्स फ्री स्टायपेंड, म्हणजे भत्ता. फरक गुणिले 52, म्हणजे वर्षाला 61 हजार जास्त, आणि डॅलसचं 1,450 चं अपार्टमेंट सोडलं की तेही वाचतील, मैत्रिणीचा पत्ता द्यायचा आणि सांगलीच्या घराचं 25 लाखांचं कर्ज वर्षात संपवायचं.

आधी ते अपार्टमेंटचंच बोलू, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. स्टायपेंड टॅक्स फ्री असतो तो तुम्ही दोन घरांचा खर्च उचलताय म्हणून. डॅलसला खरं घर, खरं भाडं, तिथे अधूनमधून काम, आणि कामासाठी तात्पुरतं दुसरीकडे राहणं, असं असेल तरच. घर सोडलं की आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, नजरेत तुम्ही कायमचं घर नसलेल्या, फिरत्या, आणि पूर्ण स्टायपेंड पगारासारखा टॅक्सेबल. मैत्रिणीचा पत्ता आणि टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स एवढ्यावर भागत नाही. वर्षात 39 आठवडे काम धरलं (का ते पुढे सांगते) तर स्टायपेंड होतो 65 हजार, त्यावर फेडरल, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ढोबळमानाने 17 हजार जातील, वर कॅलिफोर्नियाचा टॅक्स वेगळा (टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून ही सवय नसते आपल्याला). म्हणजे वर्षाचं 17,400 भाडं वाचवायला तेवढाच किंवा जास्तच टॅक्स भरायचा. डॅलसला घर आहे असं एजन्सीने तुमच्याकडून सही करून घेतलं म्हणून जबाबदारी एजन्सीची होत नाही हो, नोटीस तुमच्या नावाने येते.

आता 52 आठवडे. कॉन्ट्रॅक्ट 13 आठवड्यांचं, मध्ये गॅप पडतात, कधी हॉस्पिटल मध्येच कॅन्सल करतं. मी तीनच कॉन्ट्रॅक्ट धरते, 39 आठवडे, म्हणजे 1,03,350. आत्ता वर्षाला 76,752 मिळतात. वरचे झाले 26,600. सॅक्रामेंटोला फर्निश्ड स्टुडिओ 2,200 ने धरला तर नऊ महिन्यांचे 19,800 गेले. स्टायपेंडवर टॅक्स नाही म्हणून आत्तापेक्षा टॅक्स कमी लागेल त्याचे 9 हजारांच्या आसपास परत आले, पण कॅलिफोर्नियाचा टॅक्स, लायसन्स, प्रवास, इन्शुरन्स यात 3-4 हजार जातील. हातात राहतात 12 हजार डॉलर, साधारण 10 लाख रुपये. 61 हजार नाहीत, पण कमीही नाहीत, आणि हे डॅलसचं घर ठेवून.

आणि तुम्ही फक्त पैशासाठी विचारत नाही आहात हे कळतंय मला. सात-सात पेशंट एका नर्सवर, असं लिहिलंत ते वाचून खरंच वाईट वाटलं. कॅलिफोर्नियात 2004 पासून कायद्यानेच मर्यादा आहे, मेड-सर्जला, म्हणजे साध्या वॉर्डात, एका नर्सकडे पाचच पेशंट, आयसीयूत दोन. हे कारण माझ्या मते पैशापेक्षा मोठं आहे. त्यामुळे जा, पण आत्ता राजीनामा देऊन नको.

तुमच्या 401(के) मधली, म्हणजे निवृत्तीच्या खात्यातली, कंपनीची मॅच (कंपनी भरते तो वाटा) तीन वर्षांनी व्हेस्ट होते, म्हणजे पक्की तुमची होते; ती तीन वर्षं मार्चला पूर्ण होतात, साठलेत 7,000. पाच महिन्यांसाठी ते सोडू नका. तोवर कॅलिफोर्नियाच्या लायसन्सला अर्ज करा, एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात, म्हणजे कॉम्पॅक्टमध्ये, कॅलिफोर्निया नाही त्यामुळे टेक्सासचं मल्टिस्टेट लायसन्स तिथे चालणार नाही. मार्चनंतर मॅनेजरकडे पीआरएन, म्हणजे गरजेपुरत्या शिफ्टचं काम, मागा, कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या गॅपमध्ये डॅलसला शिफ्ट करा, ते पैसे मी वर धरलेलेच नाहीत आणि घर खरं असल्याचा पुरावाही होतो. भाडं जड वाटत असेल तर रूममेट घ्या, तुमचा हिस्सा मात्र बँकेतूनच द्या. सॅक्रामेंटो कितीही आवडलं तरी एकाच भागात वर्षाच्या वर राहायचं नाही, मग ते तात्पुरतं राहत नाही.

सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टमध्ये गॅरंटीड तास किती ते बघा, पेशंट कमी म्हणून शिफ्ट रद्द झाली तर स्टायपेंडही कापतात का ते विचारा, आणि हेल्थ इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे की तीस दिवसांनी ते लेखी घ्या.

सांगलीचा हप्ता आत्ता डॅलसच्या पगारातून जेवढा जातो तेवढाच ठेवा, बाबांना वर्षाचा शब्द देऊ नका अजून. पहिले 13 आठवडे झाले की किती उरले ते मला कळवा, मग कर्जात किती टाकायचे ते बसून ठरवू.