वाचकांचे प्रश्न : विंडसर्फिंगमध्ये हात का भरून येतात?

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यात शिक्षिका आहे. शाळा, मतदार याद्यांचं काम आणि घर यांत डोक्याला उसंत नाही, म्हणून गोव्यात विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावरून जाणं, शिकले. आता अप्पर वर्धा धरणावर सराव करायचा आहे. पण फळी वेग घेऊ लागली की हात भरून येतात, मूठ सैल होत नाही आणि मन मोकळं व्हायच्या ऐवजी आणखी ताणलं जातं. वेगात जाणारे मात्र निवांत दिसतात. असं कशानं?

उत्तर : ताई, ते निवांत दिसतात कारण त्यांच्या हातांवर भार नसतोच. शिडाची ओढ हार्नेसच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याच्या, हुकातून कमरेवर येते आणि पायांवाटे फळीत उतरते. ती हातांनीच पेलायची म्हटली तर धट्टाकट्टा माणूसही लवकर थकतो. तुमची अडचण धीटपणाची नाही, जुळणीची आहे.

आधी शीड बघा. मास्टच्या, म्हणजे शिडाच्या उभ्या खांबाच्या, पायथ्याची दोरी, म्हणजे डाउनहॉल, बहुतेक नवशिके कमी ओढतात. मग वाऱ्याचा झोत आला की शिडाचा फुगवटा मागे सरकतो, मागचा हात खेचला जातो आणि जास्तीच्या वाऱ्याला वरून निसटायला वाट राहत नाही. शिडातल्या आडव्या कांबींपैकी वरच्या दोन कांबींमधलं कापड मागच्या कडेला लुळं दिसेपर्यंत ही दोरी ओढा. जोर लागतो, दोरी एखाद्या छोट्या काठीला गुंडाळून, पाय मास्टच्या बुडाशी टेकवून ओढली की जमतं. बूमच्या, म्हणजे हातात धरायच्या आडव्या दांड्याच्या, टोकाची दोरी त्यानंतर, आणि बेतानं. बूम खांद्याच्या उंचीला ठेवा.

हार्नेसच्या दोऱ्या बूमच्या पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश लांबीवर बांधा, दोन टोकांत मुठीएवढं अंतर ठेवून. मग पाण्यावर तपासा. मागचा हात खेचला जात असेल तर दोऱ्या २ सेंटिमीटर मागे घ्या, पुढचा खेचला जात असेल तर पुढे. दोन्ही हातांची बोटं क्षणभर उघडता आली की जागा बरोबर. प्रत्येक फेरीत ही एक तपासणी करायचीच. मूठ आवळलेली असेल तर वेग वाढवू नका, काठावर येऊन दोऱ्या सरकवा.

फळी पाणी कापत जाणं सोडून पाण्यावर उठते, त्याला प्लेनिंग म्हणतात. ६० किलोच्या आसपास वजन असेल तर त्यासाठी ताशी २२ ते २८ किलोमीटर वारा, ६ ते ६.५ चौरस मीटरचं शीड आणि १२० लिटरच्या आसपासची फळी हवी. शिकायला वापरलेली १८० लिटरची असेल तर तिचा मधला डॅगरबोर्ड, म्हणजे फळीखाली पाण्यात उतरणारं पातं, वर घ्या, नाहीतर वेगात फळी एका कडेवर उलटू पाहते. वारा काटकोनात घ्या, हुक अडकवा, फळीचं तोंड वाऱ्यापासून थोडं वळवा आणि शरीर बूमला लटकवा. फळी हलकी झाल्यावरच पुढचा पाय फळीवरच्या पायपट्ट्यात, नंतर मागचा. घाईनं मागे सरकलात तर शेपूट बुडते आणि वेग मरतो.

झोतासरशी पुढे फेकलं जाण्याची भीती सगळ्यांनाच असते. तेव्हा बूम सोडू नका. गुडघे वाकवा, कंबर खाली आणि मागे न्या, मागचा हात थोडा सैल करा. नजर पायांकडे नको. वाऱ्याकडच्या बाजूला पाण्यावर काळपट लाट पसरताना दिसते, तो पुढचा झोत. तो वाचत राहिलं की याद्या-बिद्या डोक्यात राहायला जागाच उरत नाही. मिळणारा विसावा हाच, आणि तो खरा आहे.

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात वेग मिळेल का?

उत्तर : शीड उचलण्याच्या सरावाला तलाव चांगला, वेगाला नाही. काठच्या झाडांमुळे वारा तुटक येतो. अडथळ्याच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत तरी तो घुसळलेला असतो. शिवाय शिंगाड्याच्या वेली आणि कमळाचे देठ फिनला, म्हणजे फळीच्या शेपटीखालच्या पात्याला, गुंडाळतात. मग फिनची पकड सुटून शेपूट आडवी घसरते. मागे झुकलेली, गवतातून निसटणारी फिन मिळते, ती घ्या.

मोठं धरण बरं, पण मे महिन्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या झाडांचे खुंट आणि विहिरींचे कठडे वर येतात. ४० सेंटिमीटरची फिन वेगात आदळली तर माणूस मास्टवर फेकला जातो. उतरण्याआधी तिथल्या मासेमारी संस्थेच्या लोकांना खुंट कुठे, जाळी कुठे ते विचारा. त्यांच्याएवढं पाणी कुणाला माहीत नसतं. पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या. लाइफ जॅकेट घाला, सांडवा आणि दरवाजांपासून लांब राहा. वारा काठावरून पाण्याकडे वाहत असेल तर जाऊच नका. आणि मृगाच्या तोंडावर वावधान उठायची चिन्हं दिसली, ढग गडगडला, की लगेच बाहेर. कार्बनचा मास्ट वीज वाहून नेतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

प्रश्न : किती वेगाचं ध्येय ठेवावं?

उत्तर : आँत्वान आल्बो या फ्रेंच खेळाडूनं २०१५ मध्ये नामिबियातल्या ल्युडेरित्झला ५०० मीटरवर ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९८.७ किलोमीटर सरासरी गाठली. तिथे मुद्दाम खणलेला कालवा आहे, कारण लाट नसली की फळी उसळत नाही. तुम्हीही लाट कमी असलेलं सपाट पाणी शोधा. हौशी माणसाला ताशी ४० किलोमीटर मिळाले तरी भरपूर. जीपीएसचं घड्याळ बांधून सलग १० सेकंदांची सरासरी काढा, चांगल्या ५ फेऱ्यांची वहीत लिहा. शेजारी वारा आणि शिडाचं माप लिहायला विसरू नका.